पाइपच्या आतली उभी कड

प्रश्न : नदीवरून शेतात पाणी आणायला दोन इंची जीआय, म्हणजे जस्त चढवलेले पोलादी पाइप घेतले, बी क्लासचे (मध्यम जाडीचे). आत बोट घातलं की एका बाजूला उभी कड लागते. शेजारी म्हणतात, हा जोडाचा पाइप, दाब आला की इथेच उकलणार. सीमलेस, म्हणजे बिनजोडाचा घ्यायला हवा होता. खरं काय? ती कड कानशीने काढून टाकू का?
— एक वाचक, निफाड तालुका

उत्तर : पाइप जोडाचाच आहे, एवढं शेजाऱ्यांचं बरोबर. उकलण्याचं मात्र मनातून काढा. पाइप मिलच्या तपासणी विभागात सारी नोकरी झाली माझी, हा संशय मला नवा नाही.

तुमचा पाइप पोलादी पट्टीचा आहे. पत्र्याची मोठी गुंडाळी, म्हणजे कॉईल, उभी चिरून पट्ट्या काढतात. दोन इंचीसाठी साधारण १८० मिलिमीटर रुंद. रोलांच्या जोड्यांमधून जाता जाता पट्टी वळत जाते आणि शेवटी दोन्ही कडा समोरासमोर येतात. तिथे सेकंदाला लाखो वेळा दिशा बदलणारी वीज देतात. अशी वीज धातूच्या पोटात शिरत नाही, कडांवरूनच धावते, त्यामुळे फक्त कडा वितळायच्या बेताला येतात. लगेच दोन रोल त्यांना एकमेकींवर दाबतात. वेल्डिंगची कांडी नाही, बाहेरचा धातू नाही. दाबताना कडांवरचा मळ आणि थोडं पोलाद आत-बाहेर पिळून निघतं. बाहेर निघालेलं पोलाद पातं लावून ताबडतोब खरवडतात. त्याची निळसर, कुरळी फीत मशीनवरून अखंड उतरत असते. पाण्याच्या पाइपात आतलं बहुधा तसंच ठेवतात. तीच तुमची कड.

कच्चा वेल्ड निघतच नाही असं नाही. वीज कमी पडली किंवा पट्टीची कड खराब असली की निघतो. म्हणून पाइपचा तुकडा, शिवण बाजूला येईल असा धरून, प्रेसखाली चपटा करायचा. कच्ची शिवण तिथेच तोंड उघडते. शिवाय आमच्याकडे प्रत्येक पाइपावर पाण्याचा ५ मेगापास्कल दाब द्यायचो. म्हणजे सुमारे ५०० मीटर उंच पाण्याचा भार. तुमची मोटर त्याच्या जवळपासही जाणार नाही.

सीमलेस पाइप तापवलेल्या भरीव पोलादाला भोक पाडून करतात. बॉयलर, रिफायनरी, हायड्रॉलिक्स ही त्याची जागा. त्याची जाडी एका बाजूला कमी-जास्त होऊ शकते. पट्टीच्या पाइपात ती जास्त सारखी मिळते, हे शेजाऱ्यांना जरूर सांगा.

तुमच्या लाइनीची खरी नाजूक जागा म्हणजे आटे. बी क्लास दोन इंचीची जाडी ३.६ मिलिमीटर. आट्याची खोली जवळजवळ दीड मिलिमीटर, म्हणजे तिथे उरलं दोनच्या आसपास. ए क्लासची जाडीच २.९, तिथे दीडसुद्धा धड उरत नाही. शिवाय जागेवर आटे पाडले की त्या ठिकाणचं जस्तही जातं. गंज सॉकेटजवळ धरतो तो यामुळे. सॉकेटबाहेर उघडे राहिलेले आटे झिंक पेंटने झाकून टाका.

आता दुकानदाराचं. बी क्लासला निळा पट्टा असतो, ए क्लासला पिवळा, सी क्लासला लाल. पण पट्टा काय, ब्रशने कुणीही मारेल! सहा मीटरचा पाइप काट्यावर ठेवा. बी क्लास ३० किलोच्या आसपास भरायला हवा. २४-२५ भरला तर तुम्हाला निळ्या पट्ट्याखाली ए क्लास मिळालाय, आणि त्यासाठी भांडायला जरूर जा.

कडेला कानस लावू नका. तिच्यावरही जस्ताचा थर आहे. तो घासलात तर पाण्याला उघडं पोलाद मिळेल. पाइप कापल्यावर तोंडाशी आतून राहिलेली धार तेवढी काढा, तिथे कचरा अडकतो.