वेप सिगारेटपेक्षा कमी घातक असतो का? सिगारेट सोडून वेप घ्यावा का?

तुमचा प्रश्न असा: वय 28, कॉलेजपासून सिगारेट, सध्या दिवसाला आठ-दहा होतात. मित्र म्हणतो वेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी ई-सिगारेट, घे, 95 टक्के धोका कमी. तर घ्यावा का?

सिगारेट पूर्ण सोडून फक्त वेप ओढणाऱ्याचा धोका सिगारेट ओढणाऱ्यापेक्षा बराच कमी असतो, हे खरं आहे. तरी तुम्ही घेऊ नका असंच मी सांगेन. जरा सविस्तर लिहिते, कारण "दोन्ही सारखंच विष" म्हणून तुमची बोळवण केली, तर उद्या खरं काय ते वाचल्यावर तुमचा आमच्यासारख्यांवरचा विश्वासच उडेल. मी तंबाखू सोडवणाऱ्या केंद्रात समुपदेशक आहे, रोज हाच विषय असतो.

सिगारेटमध्ये घात होतो तो जळण्यामुळे. झुरका घेताना तिचं टोक 900 अंश सेल्सिअसच्या आसपास तापतं. त्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात, त्यातली निदान 70 कॅन्सर करणारी. वर टार आणि कार्बन मोनॉक्साईड. निकोटीन माणसाला अडकवून ठेवतं, पण कॅन्सर होतो आणि फुप्फुसांची वाट लागते ती मुख्यतः बाकीच्या धुरामुळे. वेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल, ग्लिसरीन, निकोटीन आणि फ्लेवर यांचं द्रावण तापलेल्या तारेवर उडतं, ते आत ओढायचं.

आमच्याकडे श्वासातला कार्बन मोनॉक्साईड मोजायचं छोटं यंत्र आहे. 15 सेकंद श्वास रोखायचा आणि नळीत हळूहळू पूर्ण रिकामा करायचा. रोज दहा सिगारेटी ओढणाऱ्याचा आकडा बहुतेक वेळा दोन अंकी येतो, न ओढणाऱ्याचा पाच-सहाच्या आत. नुसता वेप ओढणाऱ्या मुलांचा आकडाही न ओढणाऱ्यासारखाच दिसतो आणि ती एकदम खूश होतात. पण हे यंत्र निकोटीन मोजत नाही. तोच मुलगा पुढच्या बोलण्यात सारखा खिसा चाचपत असतो. सिगारेट संपते, दुसरी ओढायला बाहेर जावं लागतं, कपड्यांना वास लागतो, आई विचारते. वेपला असा काही अडसरच नाही. अंथरुणात, बाथरूममध्ये, कॅमेरा बंद करून मीटिंगमध्ये, दिवसभर चालू. त्यात हल्लीच्या वेपमध्ये निकोटीन सॉल्ट असतं. ते घशाला फारसं लागत नाही, त्यामुळे भरपूर निकोटीन सहज आत जातं. सिगारेटपेक्षा वेप सोडणं अवघड गेलं म्हणणारे मला भेटतात ते यामुळेच.

आता तो 95 टक्क्यांचा आकडा. इंग्लंडच्या सरकारी आरोग्य संस्थेनं 2015 मध्ये तो मांडला आणि तिथून तो जगभर फिरला. त्याच्या मुळाशी तज्ज्ञांच्या एका गटानं लावलेला अंदाज होता, वर्षानुवर्षं रुग्ण तपासून काढलेलं मोजमाप नव्हे. लंडनच्या किंग्ज कॉलेजनं 2022 मध्ये सगळे पुरावे पुन्हा तपासले. अल्प आणि मध्यम काळात वेपचा धोका सिगारेटच्या मानानं थोडासाच, पण वेप निर्धोक नाही, आणि कधीच सिगारेट न ओढलेल्यांसाठी तर नाहीच, असं ते म्हणतात. कॅन्सर दिसायला वीस-तीस वर्षं लागतात आणि वेप बाजारात येऊनच जेमतेम तेवढी झाली आहेत. त्या वाफेत फॉर्माल्डिहाइड, ॲक्रोलीन आणि तारेतून सुटलेले निकेल, क्रोमियमसारखे धातू सापडलेले आहेत. निकोटीननं नाडी आणि रक्तदाब वाढतो, ते इथेही होतं.

इंग्लंडमध्ये द्रावणात किती निकोटीन असावं याला मर्यादा आहे, एका मिलिलिटरला 20 मिलिग्रॅम. उत्पादनाची सरकारदरबारी नोंद लागते. आपल्याकडे 2019 च्या कायद्यानं ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, विक्री, साठवण, जाहिरात सगळ्यावर बंदी आहे. म्हणजे पानटपरीवर काउंटरखालून किंवा इन्स्टाग्रामवर जे मिळतं ते सगळं चोरीछुपे आलेलं. आत काय भरलंय ते कुणीच तपासलेलं नाही, तिथला आकडा त्याला कसा लावणार? अमेरिकेत 2019 मध्ये वेपमुळे फुप्फुसं निकामी होण्याची साथच आली होती. फेब्रुवारी 2020 पर्यंत 2,807 रुग्ण इस्पितळात, 68 मृत्यू. बहुतेकांनी गांजातला टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेली, बरीचशी काळ्या बाजारातली वेपची काडतुसं, म्हणजे द्रावण भरलेल्या नळ्या, ओढली होती आणि मुख्य संशय त्यात मिसळलेल्या व्हिटॅमिन ई ॲसिटेटवर होता. साध्या निकोटीन वेपला हे सरसकट लावू नये, पण बेनामी माल ओढण्यातला धोका त्यातून कळतो.

आणखी एक, माझ्या मते सगळ्यात मोठं. "सिगारेट दोन-तीनवर आणली, बाकी वेप" असं सांगणारे फार भेटतात. हृदयाचं गणित तसं चालत नाही. दिवसाला एकच सिगारेट ओढली तरी हृदयविकाराचा वाढीव धोका वीस ओढणाऱ्याच्या जवळपास निम्मा राहतो, हे 2018 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या विश्लेषणातून दिसलं. दोन्ही चालू ठेवणाऱ्याच्या पदरात फारसं काही पडत नाही.

वेपनं सिगारेट सुटत नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. इंग्लंडमधल्या 2019 च्या चाचणीत समुपदेशनासोबत वेप वापरणाऱ्यांपैकी 18 टक्के लोक वर्षभरानंतर सिगारेटमुक्त होते, निकोटीनची गम, पॅच वगैरे वापरणारे 9.9 टक्के. पण वेपनं सिगारेट सोडलेल्यांपैकी 80 टक्के तेव्हाही वेप ओढतच होते.

तुम्ही 28 चे आहात. तिशीच्या आसपास सिगारेट सोडली तर आयुष्यातली गेली असती ती दहा वर्षं जवळजवळ सगळी परत मिळतात, हे ब्रिटिश डॉक्टरांवर 50 वर्षं चाललेल्या अभ्यासानं दाखवलंय. औषधाच्या दुकानात 2 मिलिग्रॅमची निकोटीन गम मिळते. बहुतेक जण ती च्युइंगगमसारखी चावतात, मग उचक्या लागतात, मळमळतं आणि "मला सूट होत नाही" म्हणून सोडून देतात. सावकाश चावायची, जीभ चुणचुणली की गाल आणि हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायची, चुणचुण गेली की पुन्हा चावायची. अर्धा तास चालते. त्याआधी पंधरा मिनिटं आणि ती तोंडात असताना चहा-कॉफी नको. सकाळी उठल्या उठल्या सिगारेट लागत असेल तर 2 मिलिग्रॅम कमी पडू शकते, तेव्हा डॉक्टरांना विचारा. ते सिगारेटची तलफ कमी करणारी व्हॅरेनिक्लिनसारखी गोळीही देऊ शकतात. 1800-11-2356 ही सरकारी हेल्पलाइन मोफत आहे. आणि कृपा करून सिगारेट सोडून तंबाखूची पुडी धरू नका, महाराष्ट्रात तोंडाचा कॅन्सर मुख्यतः तिथूनच येतो.

तुमच्या मित्रानं सिगारेट खरोखर पूर्ण बंद केली असेल, तर हे वाचून दाखवून त्याला परत सिगारेटकडे ढकलू नका. त्याचा धोका कमी झालाय. त्याची पुढची पायरी वेप सोडण्याची, आणि तिच्यासाठीही त्याला वरच्या नंबरवर फोन करता येईल.