वाचक विचारतात : मांडवीवरचं रात्रीचं जेवण

प्रश्न : आई-वडिलांच्या लग्नाला डिसेंबरात ५० वर्षं होतात. आम्ही ४० जण कोल्हापूरहून पणजीला येणार आहोत. मांडवीत अख्खी बोट घेऊन संध्याकाळी जेवण ठेवायचं मनात आहे. शक्यतो पौर्णिमेला. वेळ कशी ठरवावी?

उत्तर : आधी सूर्यास्त बघा, मग भरती-ओहोटी आणि सगळ्यात शेवटी जेवणाची वेळ. बहुतेक जण नेमकं उलटं करतात. आठला जेवण धरून सातला निघतात आणि बोट सुटेपर्यंत अंधार पडलेला असतो.

डिसेंबरच्या मध्यावर पणजीत सूर्य सुमारे ६ वाजून ५ मिनिटांनी मावळतो. त्यानंतर वीसेक मिनिटं उजेड राहतो, बस. हिवाळ्यात सूर्य नैर्ऋत्येकडे कललेला असतो, त्यामुळे नदीच्या मुखाजवळच्या मिरामारच्या अंगाला गेलात की तो आग्वाद आणि काबो यांच्यामधल्या उघड्या समुद्राच्या बाजूला बुडताना दिसतो. मे महिन्यात हाच सूर्य वायव्येला सरकतो आणि वेरें-रेइश मागुशच्या टेकडीआड काही मिनिटं आधीच जातो. तुम्ही डिसेंबर निवडलात ते चांगलं केलंत.

जेटीवर पावणेपाचला जमा आणि सव्वापाचला निघा. लग्नघरचा अर्धा तास त्यात धरलेला आहे. या बोटी साधारण ताशी ८ ते १० किलोमीटरने चालतात. पाटो पुलाजवळच्या जेटीवरून मिरामारपर्यंत अर्धा-पाऊण तास लागतो. नदीच्या मुखाबाहेर जायचा हट्ट करू नका. तिथे समुद्राची लाट सुरू होते आणि ताटं घसरतात. मुखाच्या आतच बोट मंद ठेवून सूर्यास्त बघा, मग वळून मांडवीच्या पुलांखालून रायबंदरच्या दिशेने वर जा. एकूण अडीच ते तीन तास बोट लागेल. पर्यटन महामंडळाची आणि इतरांची तासाभराची सफर असते, त्यात फुगडी-देखणीसारखे लोकनाच बघायला मिळतात, पण ४० जणांचं निवांत जेवण त्या तासात बसत नाही.

आता पौर्णिमा. चंद्र उगवतो पूर्वेला, म्हणजे रायबंदरच्या बाजूला आणि साधारण सूर्यास्ताच्याच सुमारास. म्हणून बोट वळली की चंद्र समोर येतो. योग खरंच सुंदर आहे. पण पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं आणि गोव्यात त्या दिवशी संध्याकाळी पाचच्या आसपास ओहोटीचा तळ येतो. पाणी दीड-दोन मीटर खाली गेलेलं असतं. जेटी पक्क्या बांधणीची असेल तर बोटीचा डेक खाली राहतो आणि फळी उभी तिरकी होते. आजी-आजोबांना उतरवताना त्रास नेमका इथे होतो. अष्टमीच्या आसपास भांग असतो, पाण्याचा चढउतार कमी आणि संध्याकाळी पाणी भरलेलं. घरात गुडघ्याचं दुखणं असलेली माणसं जास्त असतील तर आमचं मत अष्टमीच्या बाजूने आहे. पौर्णिमाच हवी असेल तर पाण्याबरोबर वरखाली होणारी तरंगती जेटी वापरणारी बोट शोधा. तारीख पक्की करण्याआधी त्या दिवसाचं भरतीचं वेळापत्रक तांडेलाला, म्हणजे बोट चालवणाऱ्याला विचारा, कारण भरती रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते.

प्रश्न : बोटीवर गरम गरम जेवण करून वाढता येईल का? मेनू सुचवा.

उत्तर : करून नाही, आणून. प्रवासी बोटीवर गॅसची शेगडी पेटवू देणाऱ्या मालकाकडे बोट घेऊच नका. जेवण किनाऱ्यावर शिजवा आणि उष्णतारोधक डब्यांत भरून निघण्याच्या अगदी आधी चढवा. डब्यातला पदार्थ ६० अंश सेल्सिअसच्या वर राहिला पाहिजे. खोबऱ्याच्या वाटणाचे रस्से कोमट राहिले की चार तासांत आंबूस होतात. साडेचारला भरलेलं जेवण साडेसहाला उघडायचं असेल तर डब्यात आधी उकळतं पाणी घालून ठेवा, मग ते ओतून रस्सा भरा. हे न केल्यानेच जेवण थंड झाल्याच्या तक्रारी होतात.

वाढायला सुरुवात बोट वळल्यावर करा. संध्याकाळी समुद्रावरून वारा आत येतो. मिरामारकडे जाताना तो तोंडावर असतो, बोटीचा वेग त्यात मिळतो, भांड्याखालच्या जेलच्या बत्त्या विझतात आणि कागदी नॅपकिन नदीत जातात. वर जाताना वारा पाठीशी येतो आणि डेकवर जवळजवळ शांत वाटतं. एक अडचण मात्र तेव्हाच येते. वाऱ्याचा आणि बोटीचा वेग सारखा झाला की मागच्या नळीतून निघणारा डिझेलचा धूर बोटीसोबतच रेंगाळतो आणि ताटांवर येतो. तसं झालं तर तांडेलाला जरा तिरकी चाल धरायला सांगा, धूर लगेच बाजूला जातो.

४० जणांसाठी अंदाज असा : तांदूळ साडेतीन किलो. चिकन शागुती हाडांसकट ८ किलो चिकनची, रस्सा दाट. शाकाहाऱ्यांना आणि इतरांनाही खतखतें, म्हणजे मिश्र भाज्यांचा गोव्याकडचा रस्सा, तोही दाटच. इसवण, म्हणजे तुमची सुरमई, हिच्या ८०-९० ग्रॅमच्या ५० तुकड्या. रवा लावून तळलेले मासे बंद डब्यात भरले की वाफेने मऊ पडतात. ते जाळीच्या टोपलीत, खाली कागद घालून, सैल झाकून आणा. बांगडा कितीही आवडता असला तरी नको. डेकवरच्या मंद दिव्यात काटे दिसत नाहीत. शिंपल्या-कालवंही किनाऱ्यावरच खा. सोलकढीतलं नारळाचं दूध उन्हात फाटतं, म्हणून नुसत्या आमसुलाचं तिवळ ८ लिटर करा. गोडाला बेबिंका उत्तम. ती सांडत नाही, वितळत नाही, हातात धरून खाता येते. पिण्याचं पाणी २० लिटरचे तीन जार. बर्फ ३० किलो, त्यातला पेल्यात घालायचा वेगळ्या पेटीत. बाटल्या थंड करायच्या बर्फात सगळ्यांचे हात जातात.

ताटं स्टीलची किंवा जड मेलामाइनची घ्या. दारू ठेवणार असाल तर बोटीवर अबकारी परवाना आहे का ते आधी विचारा आणि तो दिवस ड्राय डे नाही याची खात्री करा.

प्रश्न : बोट सुरक्षित आहे हे आम्हा पर्यटकांना कसं कळणार?

उत्तर : मालकाकडे नोंदणीचं आणि तपासणीचं प्रमाणपत्र मागा आणि त्यावरची प्रवासीसंख्या स्वतः वाचा. खानसामे, वाढपी, वादक, छायाचित्रकार हेही माणसांच्या मोजणीत येतात. तुमचे ४० म्हणजे प्रत्यक्षात ५० समजा. दीड वर्षाचं मूलही मोजा आणि त्याच्या मापाचं जाकीट आहे ना ते डोळ्यांनी बघा. मोठ्यांची जाकिटं लहान मुलांच्या डोक्यावरून निसटतात.

मे २०२३ मध्ये केरळातल्या तानूरला दुमजली बोट संध्याकाळी उलटून २२ जण गेले. बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं होती. दुमजली बोटीत वजन जितकं वर जातं तितकी ती डगमगती होते आणि सूर्यास्ताला सगळे वरच्या मजल्यावर, एकाच कठड्याला धावतात. त्यावर उपाय साधा आहे. सूर्यास्ताच्या दहा मिनिटांत तांडेलाने बोट हळूहळू फिरवायची, म्हणजे दोन्ही कठड्यांना पाळीपाळीने सूर्य दिसतो आणि कुणाला जागा सोडायला लागत नाही. हे निघण्याआधीच ठरवा. नाच खालच्या मजल्यावर ठेवा.

प्रश्न : आईला बस लागते. बोट लागेल का?

उत्तर : पुलांच्या वर मांडवी शांत असते, तिथे सहसा नाही. आईंना खालच्या मजल्यावर मध्यभागी, इंजिनापासून दूर बसवा. गोळी द्यायची तर डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या अर्धा-एक तास आधी. मळमळ सुरू झाल्यावर तिचा फारसा उपयोग होत नाही.

प्रश्न : बोटीवर भाषणं आणि गाण्यांचा कार्यक्रम ठेवू का?

उत्तर : गाणी ठेवा, भाषणं दोनच आणि तीही बोट सुटण्याआधी जेटीला बांधलेली असताना. इंजिनाच्या आवाजात माइकही चिडका वाटतो. जनित्र किती भार घेतं ते विचारून मगच ध्वनियंत्रणेवाल्याला बोलवा. दिवे, पंखे, बर्फाची पेटी आणि स्पीकर एकाच वेळी लावल्यावर दिवे गेल्याचे प्रसंग कमी नाहीत. उघड्यावर रात्री दहानंतर ध्वनिवर्धक चालत नाही, पण तुमचा बेत तोवर संपलेला असेल. केक कापायचा असेल तर मेणबत्त्या खालच्या बंदिस्त भागात लावा.