वाचक विचारतात : हॉलमध्ये पिठोरा

प्रश्न : फ्लॅटचे रंगकाम काढले आहे. छोटा उदेपूरकडच्या राठवा आदिवासींच्या घरात असते तसे पिठोरा हे भिंतचित्र हॉलच्या भिंतीवर काढून घ्यायचा विचार आहे. थेट गावात जाऊन सांगावे का?
– एक वाचक, मांजलपूर, बडोदे

उत्तर : भिंतीवर काढून घेऊ नका. पिठोरा नवसाचा असतो. घरातले आजारपण हटेना, गुरे दगावली, पीक हातचे गेले, की राठवा बडव्याला, म्हणजे त्यांच्या पुजाऱ्याला, विचारतात आणि पिठोरा मानतात. ओसरीला लागून असलेली, पलीकडे चूल असलेली भिंत त्याची. कुमारिका ती शेणमातीने सारवतात, वर पांढऱ्या खडीचा हात देतात. चितारणारे लखारा मात्र पुरुष. आधी चौकट, तिला खाली दार. मग देवांचे घोडे, एकामागे एक. आणि खालच्या भागात नांगर, विहीर, ताक घुसळणारी बाई, ताडावर चढलेला माणूस. काम संपले की बडव्याच्या अंगात येते आणि तो एकेक आकृती तपासतो. काही राहिले असेल तर लखाऱ्याला ते तिथल्या तिथे भरावे लागते. त्यानंतर बोकडाचा बळी, जेवणावळ. यातले काहीच न करता फक्त घोडे सोफ्यामागे उतरवणे आम्हाला पटत नाही.

शिवाय ते टिकणारही नाही. रंगाची पूड दुधात आणि मोहाच्या दारूत कालवतात. दूध रंगाला धरून ठेवते, पण त्याला पाणी शोषणारी भिंत लागते. प्लास्टिक पेंटवर हा रंग नुसता वर बसतो आणि वाळला की पोपडे सुटतात. दूध कमी पडले तर बोटाला रंग लागतो. थर जाड झाला तर सारवलेल्या भिंतीवरही तडकतो.

राठवा कलाकार कॅनव्हासवर चित्रे करून देतात, ती जरूर घ्या. या कलेसाठी परेश राठवा यांना 2023 साली पद्मश्री मिळाली. तेजगडच्या आदिवासी अकादमीत चौकशी करा आणि सांगतील ती किंमत द्या. घासाघीस नको.

प्रश्न : ही गावे पाहायला कधी जावे?

उत्तर : होळीच्या सुमारास. होळीनंतर कवांटला घेरचा मेळा भरतो. तेजगडजवळच्या कोरज डोंगरात जुनी शैलचित्रेही आहेत. गाव एका जागी सापडणार नाही. डोंगरउतारावर फळिये, म्हणजे वाड्या, विखुरलेले असतात, घरे आपापल्या शेतात. ओळखीचे माणूस बरोबर घ्या, ओसरीत विचारूनच पाऊल ठेवा, फोटोही विचारूनच. मोहाच्या झाडाखाली गाडी लावू नका : फुले गळायच्या दिवसांत वेचणीसाठी ती जागा झाडून ठेवलेली असते.