कलेतलं काही कळत नसताना विद्यापीठातल्या मैफली, नाटकं आणि चित्रप्रदर्शनांना जावं का?

तुम्ही विचारलंय ते असं : विज्ञान शाखेत पहिल्या वर्षाला आहात, कॅम्पसवर दर आठवड्याला गाणं-बजावणं, नाटक, प्रदर्शन असं काही ना काही सुरू असतं, पण त्यातलं ओ की ठो कळत नाही आणि सोबत यायला कुणी तयार नाही. मग जावं का, आणि गेलंच तर कशाला?

मी एका विद्यापीठाच्या नाट्यगृहात प्रकाशयोजनेचं काम करते. बहुतेक कार्यक्रम प्रेक्षकांच्या मागच्या केबिनमधून, वरून पाहते. त्यामुळे रंगमंचाइतकाच प्रेक्षकही समोर असतो. कोण कधी पुढे झुकून ऐकतं, कोण कधी चुळबुळायला लागतं, हे सगळं दिसतं. त्यावरून बनलेलं माझं मत थोडं उलटं आहे : सगळ्यात मोठं पोस्टर ज्याचं, तो कार्यक्रम तुम्ही खुशाल सोडा. नावाजलेला कलाकार पुढच्या महिन्यात दुसऱ्या गावी तेच सादर करणार आहे, त्याचं रेकॉर्डिंगही मिळेल. विद्यापीठाबाहेर जे पाहायला मिळत नाही ते म्हणजे अजून पुरतं न जमलेलं काम, आणि ते जमवू पाहणारी माणसं. नवख्याला कलेत शिरायला तीच वाट सोपी पडते.

सुरुवात मास्टरक्लासपासून करा. नाव ऐकून बिचकू नका, बहुतेक ठिकाणी तो बाहेरच्यांनाही खुला असतो. एक विद्यार्थी वाजवायला बसतो, पाहुणे गुरू चार ओळींनंतर त्याला थांबवतात, काहीतरी सांगतात आणि तोच तुकडा पुन्हा वाजवून घेतात. दोन वेळच्या वाजवण्यातला फरक तुम्हाला ऐकू येतो. त्यासाठी संगीताचा एकही नियम माहीत असावा लागत नाही. ‘इथे घाई करू नकोस, श्वास घे’ एवढंच सांगितलेलं असतं आणि अचानक त्या तुकड्याला अर्थ येतो. मैफलीत तुम्हाला फक्त झालेली निवड ऐकू येते. इथे न निवडलेलंही ऐकू येतं. ‘कळणं’ म्हणतात त्यातला मोठा भाग हाच.

त्यानंतर संगीताच्या पदवीच्या विद्यार्थ्यांची सादरीकरणं. परीक्षक बसलेले असतात, घरचे चार लोक असतात, उरलेल्या खुर्च्या रिकाम्या. कार्यक्रम सहसा तासाभराच्या आत संपतो. अनेक अभ्यासक्रमांत विद्यार्थ्याला वेगवेगळ्या काळातल्या, वेगवेगळ्या शैलींच्या रचना निवडाव्या लागतात, म्हणजे ऐकणाऱ्याला एका बैठकीत बरंच काही चाखायला मिळतं. आणि वाजवणाऱ्यानं त्या तासासाठी महिनोन् महिने घालवलेले असतात. मोठ्या कलाकाराच्या दौऱ्यातल्या पंचविसाव्या कार्यक्रमात एवढी असोशी असेलच असं नाही.

छोट्या सभागृहाला नाक मुरडू नका. ऑक्सफर्डमधलं होलीवेल म्युझिक रूम १७४८ साली उघडलं. खास मैफलींसाठी बांधलेलं युरोपातलं सर्वांत जुनं सभागृह म्हणून ते ओळखलं जातं, आणि त्यात जेमतेम दोनशेच्या आसपास माणसं बसतात. गायकाचा श्वास, व्हायोलिनच्या गजाची खरखर, पानं उलटण्याचा आवाज हे अशाच जागी कानावर येतं.

तुम्ही विज्ञानाचे आहात म्हणून हा किस्सा सांगतेच. १८९५ साली हार्वर्ड विद्यापीठाचं फॉग कलासंग्रहालय उघडलं आणि त्यातलं व्याख्यानाचं सभागृह निकामी निघालं. तोंडातून निघालेला शब्द साडेपाच सेकंद घुमत राहायचा, पुढचे शब्द त्यात बुडून जायचे. विद्यापीठाच्या अध्यक्षांनी ते दुरुस्त करायचं काम भौतिकशास्त्र विभागातल्या वॉलेस सॅबिन या तरुण प्राध्यापकावर सोपवलं. तो रात्री, सगळं शांत झाल्यावर, ऑर्गनची एक नळी आणि घड्याळ घेऊन बसायचा. जवळच्याच सँडर्स थिएटरमधल्या खुर्च्यांच्या गाद्या उचलून आणायचा, त्या मांडून आवाज किती वेळ टिकतो ते मोजायचा, आणि सकाळच्या आत गाद्या परत नेऊन ठेवायचा. माणसं बसवूनही त्यानं मोजमाप केलं, कारण माणसंही आवाज शोषतात. त्यातून निनादकाळाचं, म्हणजे बंद जागेत आवाज किती वेळ घुमत राहतो त्याचं, सूत्र निघालं. १९०० साली उघडलेलं बोस्टनचं सिम्फनी हॉल त्या सूत्राच्या आधारानं बांधलं गेलं. कलासंग्रहालयातली अडचण, नाट्यगृहातल्या गाद्या आणि भौतिकशास्त्राचा माणूस : विद्यापीठात हे तिन्ही शेजारी-शेजारी असतात म्हणून हे घडू शकलं.

याचा तुम्हाला उपयोग असा, की पुढच्या वेळी सभागृहात अर्धा तास आधी जा. साउंड चेक चालू असेल आणि आत सोडत असतील तर रिकाम्या हॉलमधला आवाज ऐका, मग भरल्यावरचा ऐका. एकदा मधल्या रांगेत बसा, एकदा अगदी मागे भिंतीला टेकून. बाल्कनीच्या खाली खोल बसलात तर आवाज दबल्यासारखा वाटेल. तो वाजवणाऱ्याचा दोष नसतो, तुमच्या डोक्यावरच्या छताचा असतो.

आणि ‘हे क्षेत्र आपलं नाही’ असं वाटत असेल तर आणखी एक. १९५६ साली इलिनॉय विद्यापीठात संगणकाकडून रचून घेतलेली संगीतरचना चार तंतुवाद्यांवर वाजवली गेली. इलियाक सूट या नावानं ती ओळखली जाते. रचणाऱ्या दोघांपैकी लेजारेन हिलर तेव्हा विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात होता.

नाटकाचं गणित वेगळं आहे. पहिल्या प्रयोगाला मित्रमंडळींची गर्दी असते, विनोद नसला तरी हशा पडतो, आणि नटांचा अर्धा जीव पाठांतरात अडकलेला असतो. मी सांगेन, दुसऱ्या किंवा तिसऱ्या प्रयोगाला जा. आवडला तर शेवटच्यालाही जा. तेच वाक्य वेगळ्या जागी थांबून म्हटलं जातं, एखादा प्रवेश आपसूक छोटा झालेला असतो. आमच्या केबिनमधून हे बदल पटकन कळतात, कारण दिव्यांचे क्यू, म्हणजे उजेड बदलायचे ठरलेले क्षण, पुढे-मागे करावे लागतात. रंगीत तालीम पाहायला देत असतील तर ती तर अजिबात चुकवू नका. नट जागच्या जागी गोठलेले, कुणीतरी शिडीवर चढलेलं, दिग्दर्शक अंधारातून ओरडतोय, आणि एका खिडकीचा उजेड नीट पडावा म्हणून वीस मिनिटं गेलेली. कंटाळवाणं असतं हे कबूल. पण त्यानंतर कुठल्याही नाटकातला उजेड तुम्ही गृहीत धरणार नाही.

विद्यार्थ्यांचं नाटक कच्चं असतं, हे खरंच आहे. विशीतली मुलं म्हाताऱ्यांच्या भूमिका करतात आणि कंबर धरून चालतात. पण केंब्रिज विद्यापीठाचं फूटलाइट्स हे नाट्यमंडळ १८८३ पासून विद्यार्थीच चालवत आलेत, आणि जॉन क्लीज, एमा थॉम्पसन, ह्यू लॉरी ही मंडळी तिथूनच बाहेर पडली. त्या वेळी समोर बसलेल्यांना काय ठाऊक होतं! अर्थात उद्याचा मोठा नट आज पाहून ठेवू, या हिशेबानं जाऊ नका. बहुतेक जण पुढे दुसरंच काही करतात, आणि त्यांचं आजचं काम त्यामुळे कमी ठरत नाही.

कधीकधी काहीच कळणार नाही असा प्रयोगही वाट्याला येईल. १९५२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या ब्लॅक माउंटन कॉलेजच्या जेवणघरात संगीतकार जॉन केज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला : कुणी व्याख्यान देतंय, कुणी नाचतंय, कुणी पियानोवर, कुणी शिडीवरून कविता वाचतंय, रॉबर्ट राउशेनबर्गची कोरी पांढरी चित्रं वर टांगलेली, आणि प्रेक्षक मधोमध चार गटांत बसवलेले. पुढे कलेच्या इतिहासात या संध्याकाळीला मोठं स्थान मिळालं, पण तिथे हजर असलेल्यांच्या आठवणी एकमेकांशी जुळत नाहीत. काय आधी झालं, किती वेळ चाललं, यावर एकमत नाही. तेव्हा एखाद्या प्रयोगातून बाहेर पडून ‘नक्की काय झालं?’ असं वाटलं तर तुम्ही चांगल्या संगतीत आहात. घरी गेल्यावर जे दिसलं ते चार ओळींत लिहून ठेवा. मत नको, फक्त दिसलेलं.

प्रयोगानंतर चर्चा असते तिथे ‘तुम्हाला यातून काय सांगायचं होतं?’ हा प्रश्न टाळा. त्याचं उत्तर देताना कलाकार एकतर कानकोंडा होतो किंवा भाषण देतो. ‘ती खुर्ची रिकामी का ठेवली?’ असं एका गोष्टीवर बोट ठेवून विचारा, मग बघा माणूस कसा खुलतो.

चित्रप्रदर्शनाच्या उद्घाटनाला माणसं चित्रांकडे पाठ करून गप्पा मारतात. आमंत्रण आलं तर जरूर जा, पण पाहायला आठवड्याच्या मधल्या एखाद्या दुपारी पुन्हा जा. सगळं पाहायचं नाही. एक चक्कर मारा, एक काम निवडा आणि त्याच्यासमोर दहा मिनिटं उभे राहा. तिसऱ्या मिनिटाला कंटाळा येईल, सहाव्याला एखादा रंग दिसेल जो आधी दिसलाच नव्हता. शेजारची पाटी शेवटी वाचा. कलाशाखेच्या अंतिम वर्षाच्या प्रदर्शनात बऱ्याचदा चित्रकार स्वतःच कोपऱ्यात स्टुलावर बसलेला असतो आणि कुणी काही विचारत नाही म्हणून कावलेला असतो. विचारा.

शिवाय तिकीट, वेळ काहीच नसलेली कला कॅम्पसवर उघड्यावर असते. शांतिनिकेतनात कलाभवनाच्या आवारात रामकिंकर बैज यांचं ‘संथाल परिवार’ हे शिल्प १९३८ पासून उघड्यावर आहे. मुलाबाळांसह, सामानासह चाललेलं संथाल कुटुंब, सिमेंट आणि तिथल्याच तांबड्या खड्यांतून उभं केलेलं. त्याच परिसरात हिंदी भवनाच्या भिंतींवर बिनोदबिहारी मुखर्जींनी १९४६-४७ मध्ये मध्ययुगीन संतांचं भित्तिचित्र केलं. तिथले विद्यार्थी वर्गात जाता-येता हे पाहतात. तुमच्याही कॅम्पसवर एखादं शिल्प असेल, ज्याला टेकून लोक बुटाची नाडी बांधतात. त्याच्याभोवती एकदा पूर्ण फिरा. बहुतेकांनी त्याची मागची बाजू पाहिलेलीच नसते.

शिष्टाचाराची धास्ती फार घेऊ नका. पाश्चात्त्य संगीताच्या मैफलीत एका रचनेच्या दोन भागांच्या मधल्या विरामात टाळ्या वाजवल्या की लोक वळून बघतात, पण ही रीत नंतरची आहे. १७७८ साली पॅरिसमध्ये आपल्या सिम्फनीच्या मधोमधच श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्याचं मोझार्टनं वडिलांना मोठ्या खुशीत कळवलं होतं. शंका आली तर बाकीच्यांच्या मागून टाळ्या वाजवा, झालं. अर्ध्यातून उठायचं असेल तर दोन रचनांच्या मध्ये किंवा मध्यंतरात उठा, त्यात अपमान नाही. फोनचं मात्र मी ऐकून घेणार नाही. तुम्हाला वाटतं पडदा मंद केलाय, कुणाला दिसत नाही. वरून आम्हाला अंधारात एक निळा चौकोन दिसतो आणि तुमच्या मागच्या तीन रांगांनाही दिसतो.

एकटं जाण्याबद्दल : उलट बरं. शेजारच्याला आवडतंय का, याची काळजी नाही, बाहेर पडल्या-पडल्या मत द्यायची सक्ती नाही. तरीही अवघडल्यासारखं होत असेल तर दारावर तिकिटं तपासायला किंवा प्रेक्षकांना जागा दाखवायला विद्यार्थी लागतातच. त्यासाठी नाट्यगृहाच्या कार्यालयात नाव द्या. कार्यक्रम फुकट पाहायला मिळतो आणि उभं राहायला कारण मिळतं. केबल गुंडाळायला, दिवे टांगायलाही हात कमीच पडतात. सोल्डरिंग येत असेल तर सत्राच्या सुरुवातीलाच जाऊन सांगा, परीक्षा जवळ आल्या की नवीन माणसाला शिकवायला कुणाकडे वेळ नसतो.