डेम्पस्टरला निघण्याआधी: ट्रक आणि सामानाच्या तयारीचं पत्र

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

कॅनडाच्या युकॉनमधल्या डॉसन सिटीहून डेम्पस्टर हायवेने उत्तरेला इनुविक आणि तिथून टुकटोयाक्टुक, तेही ऑगस्टअखेर, हा बेत उत्तम आहे. तोवर डास ओसरलेले असतात, टुंड्रा लाल व्हायला लागतो आणि पील व मॅकेन्झी या दोन्ही नद्यांवरच्या फेरीबोटी चालू असतात. पिकअप ट्रकच्या तयारीची तुझी यादी मात्र वाचून काळजी वाटली. विंच (रुतलेली गाडी ओढायचं यंत्र) आहे, लाइटबार आहे, छतावरचा तंबू आहे, पण टायरबद्दल एक ओळही नाही. या रस्त्यावर इंजिन क्वचितच दगा देतं. टायर फाटतो, नट सैल होतो, पाटा तुटतो, आणि जवळचं गॅरेज दोनशे किलोमीटरवर असतं. घाटात गाडी बंद पडली तर तासाभरात कोणी तरी पंक्चरवाला सापडतो, ती सवय इथे डोक्यातून काढावी लागते.

आधी रस्ता समजून घे. डॉसनपासून चाळीसेक किलोमीटरवर क्लोंडाइक हायवेला फाटा फुटतो आणि तिथून इनुविक ७३६ किलोमीटर, जवळजवळ सगळा खडीचा. खालची जमीन बारमाही गोठलेली. ती वितळली तर रस्ता खचेल, म्हणून वर १.२ ते २.४ मीटर जाडीचा खडीचा भराव घातला आहे. ठेचलेल्या शेल खडकाच्या कडा धारदार असतात, त्या टायरच्या बाजू कापतात. भरावाच्या कडा उंच आणि मऊ असतात, त्यामुळे फोटोसाठी गाडी कडेला घ्यायला गेलास की चाक रुततं किंवा ट्रक कलंडतो. थांबायचं ते मुद्दाम रुंद केलेल्या जागीच.

टायरच्या बाजूवर काय छापलं आहे ते बघ. आकड्यांच्या आधी 'एलटी' (लाइट ट्रक) आणि शेवटी 'लोड रेंज ई' (जास्त भार पेलणारा) असेल तर ठीक. नुसते 'पी'ने सुरू होणारे टायर प्रवासी गाड्यांसाठी असतात, त्यांच्या बाजू पातळ असतात, ते बदल. बाकी कशावर खर्च केला नाहीस तरी चालेल. स्टेपन्या दोन घे, दोन्ही पूर्ण मापाच्या आणि रिमवर चढवलेल्या. रिकामा टायर तिथे उपयोगाचा नाही, कारण तो रिमवर चढवणार कोण?

हवेचं गणित असं: पूर्ण हवेचा कडक टायर टोकदार दगडावर दबत नाही, म्हणून कापला जातो. थोडी कमी केली की रबर दगडाभोवती वाकतं आणि निसटतं. डांबरी रस्त्यावर ५० पीएसआय ठेवत असशील तर खडीवर ४०च्या आसपास आण. पण हवा कमी म्हणजे टायरच्या बाजू जास्त वाकणार आणि तापणार, म्हणून वेगही ताशी ६०-७० किलोमीटरच्या वर नेऊ नकोस. हवा कमी करून ९०ने पळवलास तर टायर आतून शिजतो, आणि बाहेरून काही दिसायच्या आत फुटतो. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना.

पंक्चरचं किट घे आणि घरीच एखाद्या भंगार टायरवर हात बसव. दगड किंवा खिळा कुठल्या कोनात घुसला आहे ते बघून पक्कडीने उपट. त्याच कोनात किटमधली कानस आठ-दहा वेळा आतबाहेर फिरव. किटमधली चिकट दोरी सुईत ओवून, सोल्युशनमध्ये बुडवून अशी घाल की बाहेर सेंटिमीटरभर टोक उरेल, आणि सुई झटक्यात ओढून काढ. हळू ओढलीस तर दोरीही बाहेर येते. मग साबणाचं पाणी टाकून बुडबुडे येतात का बघ. हा इलाज फक्त रस्त्याला टेकणाऱ्या भागाला. बाजू कापली गेली असेल तर दोरी घालू नकोस, सरळ स्टेपनी लाव. हवेचा छोटा कंप्रेसर सिगरेट लायटरच्या सॉकेटला जोडू नकोस, मोठा टायर भरता भरता त्याचा फ्यूज उडतो. थेट बॅटरीला चिमटे लावणारा घे, आणि हवा भरताना इंजिन चालू ठेव.

आता एक काम याच रविवारी कर. ट्रकखाली टांगलेली स्टेपनी खाली उतरव. तिची केबल आणि गिअर गंजून धरलेले असतात, आणि हे लोकांना कळतं ते टायर फुटल्यावर. डेम्पस्टरवर धूळ बसवायला कॅल्शियम क्लोराइड टाकतात. ते ओलं झालं की रस्ता निसरडा होतो आणि लोखंड गंजतं. केबलला ग्रीस लाव. बंपरजवळच्या ज्या भोकातून जॅकचा दांडा आत घालतात त्यात बोळा कोंबून वरून टेप लाव, नाही तर त्यात चिखल भरून सिमेंटसारखा घट्ट बसतो आणि दांडा गिअरपर्यंत पोचतच नाही. ट्रकसोबत आलेला जॅक मोठ्या टायरना पुरत नाही, म्हणून सहा टनी बॉटल जॅक घे. त्याच्याखाली ठेवायला १८ मिलिमीटर प्लायवूडचा फूटभर चौकोनी तुकडा घे, कारण नुसत्या खडीत जॅक वर चढण्याऐवजी खाली जातो. चाकांच्या नटांना कुलूप असेल तर त्याची चावी कुठे आहे ते आजच शोध. चाक बदललंस की नट मॅन्युअलमधल्या आकड्यानुसार टॉर्क पान्याने आवळ आणि ८०-१०० किलोमीटरवर परत तपास.

वजनाकडे कोणी लक्ष देत नाही, आणि तिथेच घोटाळा होतो. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर पिवळं स्टिकर आहे. माणसं आणि सामान मिळून जास्तीत जास्त किती किलो, ते त्यावर लिहिलेलं असतं. तुम्ही चौघं म्हणजे ३०० किलो. छतावरचा तंबू ६०-७०, जास्तीची स्टेपनी ३५, पाणी ४०, इंधनाचे भरलेले दोन कॅन ३५. कॅनपीही (हौद्यावरचं झाकण) असेल तर आणखी शंभरेक. सामानाच्या पेट्या भरायच्या आधीच मर्यादा जवळ आलेली असते. शिवाय मालक मॅन्युअलमध्ये छताची मर्यादा गाडी चालू असतानाची वेगळी आणि उभी असतानाची वेगळी असते, ती बघ. माझं ऐकशील तर छतावरचा तंबू आणि विंच दोन्ही घरी ठेव आणि जमिनीवरचा तंबू घे. सुटलेल्या वजनात दुसरी स्टेपनी बसते. जड सामान खाली आणि मागच्या ॲक्सलच्या पुढे ठेव. विंचऐवजी ओढायचा पट्टा आणि फावडं पुरे. पट्टा कधीही ट्रेलर ओढायच्या गोळ्याला अडकवू नकोस. झटक्याने तो गोळा तुटतो, गोळीसारखा उडतो, आणि यात माणसं मेली आहेत. ट्रकच्या हुकलाच अडकव.

इंधन. डॉसनला टाकी काठोकाठ भर. पुढचा पंप ईगल प्लेन्सला, फाट्यापासून ३६९ किलोमीटरवर, म्हणजे डॉसनपासून जवळपास ४१०. भरलेला ट्रक खडीवर आणि वाऱ्यात शंभर किलोमीटरला १८ लिटर खाईल असं धर: ७४ लिटर. ८० लिटरच्या टाकीत हे कसंबसं बसतं, म्हणून २० लिटरचा एक कॅन हवाच, आणि दुसरा असला तर बरं. त्यापुढे फोर्ट मॅकफर्सन आणि इनुविक, दोन्ही टप्पे दोनशेच्या आत. कॅन भरताना तो ट्रकच्या हौद्यातून खाली काढून जमिनीवर ठेवायचा. प्लास्टिकच्या अस्तरावर स्थिर वीज साठते आणि ठिणगी पडू शकते.

रस्ता बराचसा नालीदार, म्हणजे आडव्या लहरी पडलेला आहे. त्या थरथराटाने सगळं सैल होतं: बॅटरीचे टर्मिनल, रॅकचे बोल्ट, नंबरप्लेट, शॉक ॲबसॉर्बरचे नट. निघण्याआधी रॅकच्या बोल्टना निळं थ्रेडलॉकर (आटे सैल होऊ न देणारा गोंद) लाव. प्रत्येक मुक्कामी पाना घेऊन एक फेरी मार, पट्टेही पुन्हा ताण. एअर फिल्टर एक जास्तीचा ठेव. धुळीत एसी आतल्या हवेवर चालव. पाऊस झाला की चिखल रिमच्या आत थापला जातो आणि स्टिअरिंग थरथरायला लागतं. बेअरिंग गेलं असं वाटून घाबरू नकोस, काठीने चिखल खरवडून काढ. रेडिएटरच्या जाळीवरही तो बसतो आणि इंजिन तापतं. मागचे दिवे प्रत्येक थांब्यावर पूस. बेल्ट, फ्यूज, दोन लिटर इंजिन ऑइल आणि चार लिटर कूलंट बरोबर असू दे.

समोरून मोठा ट्रक आला की वेग चाळीसच्या खाली आण आणि उजवीकडे राहा. उडालेला दगड दोन्ही गाड्यांच्या एकत्रित वेगाने काचेवर आदळतो, त्यातला तुझा वाटा कमी करणं तुझ्या हातात आहे.

फोनला बहुतेक रस्त्यावर रेंज नाही. आयफोनच्या उपग्रह सुविधेवर विसंबू नकोस. ६२ अंश उत्तरेच्या पलीकडे ती चालेलच असं नाही हे ॲपल स्वतःच सांगतं, आणि डॉसनच ६४ अंशांवर आहे. ध्रुवापर्यंत पोचणाऱ्या इरिडियमच्या उपग्रहांवर चालणारं गार्मिन इनरीच हे संदेश पाठवायचं यंत्र घे आणि घरून एक संदेश पाठवून बघ. कुठल्या दिवशी कुठे असशील आणि किती वाजेपर्यंत निरोप आला नाही तर पोलिसांना कळवायचं, हे घरच्यांना लिहून दे. निघायच्या सकाळी युकॉन ५११ या रस्त्यांची माहिती देणाऱ्या सेवेवर रस्ता आणि वायव्य प्रदेशांच्या महामार्ग खात्याकडे फेरी बघ. नदीचं पाणी चढलं किंवा फार उतरलं की फेरी थांबते. दोन दिवस अडकून राहायला पुरेल इतका शिधा ठेव, माणशी रोज चार लिटर पाणी धरून. भाजलेला रवा फोडणीच्या मसाल्यासकट डब्यात नेलास तर दहा मिनिटांत उपमा होतो. शेगडीला मात्र प्रोपेन घे. ब्यूटेन शून्याच्या आसपास वायू व्हायचंच थांबतं, आणि ऑगस्टअखेर रात्री पारा तिथवर उतरतो. अस्वलांसाठीचा फवारा कमरेला हवा, पेटीच्या तळाशी नको, आणि उन्हात तापलेल्या केबिनमध्येही नको.

विमा कंपनीला विचार: खडीच्या रस्त्यावरून टो करायचा खर्च देतात का आणि किती किलोमीटरपर्यंत. ट्रक भाड्याचा असेल तर त्याचा करार वाच. बऱ्याच करारांत खडीच्या रस्त्यावर न्यायला मनाईच असते.

दारावरच्या पिवळ्या स्टिकरचा आणि टायरच्या बाजूचा फोटो मला पाठव. सामान भरल्यावर ट्रक वजनकाट्यावर ने, पुढच्या आणि मागच्या ॲक्सलचं वजन वेगवेगळं करून घे आणि ते आकडे कळव. त्यावरून चारही चाकांची हवा नक्की करू. आणि रविवारी स्टेपनी खाली आली की नाही, ते त्याच दिवशी सांग.

तुझा,
काका