टॅरिफ, तारीफ, उर्फ आणि मार्फत

प्रश्न असा आहे: बातम्यांत कधी ‘टॅरिफ’, कधी ‘जकात’, कधी ‘आयातशुल्क’ येतं. यांतलं बरोबर कोणतं, आणि टॅरिफ मुळात कुठला शब्द?

आयातशुल्क म्हणा. जुन्या कागदपत्रांत सीमेवरच्या करालाही जकात म्हटलेलं सापडतं, पण आपल्याकडे जकात घेत असे ती पालिका, शहराच्या नाक्यावर. मुंबईतली जकात १ जुलै २०१७ ला जीएसटी आल्यावर बंद झाली. आजच्या वाचकाला त्या शब्दाने मुलुंडचा नाकाच आठवणार.

त्याहून खटकतं ते ‘भारतावर ५० टक्के टॅरिफ लावला’ हे वाक्य. शुल्क देशावर लागत नाही, मालावर लागतं. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावर आधी २५ आणि २७ तारखेपासून आणखी २५ टक्के शुल्क लावलं. औषधं आणि स्मार्टफोन तेव्हा वगळले होते. ही रक्कम भरतो तिकडचा आयातदार, अमेरिकेच्याच तिजोरीत. तिरुपूरच्या कापड कारखानदाराला झळ बसते ती ऑर्डर रद्द झाल्याने किंवा गिऱ्हाईक भाव पाडून मागतं म्हणून. आणि २५ चे ५० झाले म्हणजे शुल्क ‘२५ टक्क्यांनी’ वाढलं नाही, दुप्पट झालं.

आता व्युत्पत्ती. अरबीत ‘ऐन-रे-फे’ असा धातू आहे, अर्थ जाणणे, ओळखणे. त्यावरून ‘तारीफ’ म्हणजे ओळख करून देणे, कळवणे, आणि ‘तारीफा’ म्हणजे जाहीर केलेली दरांची यादी. भूमध्य समुद्राच्या बंदरांतून इटालियन व्यापाऱ्यांनी हा शब्द उचलला आणि पुढे तो फ्रेंच, इंग्रजीत गेला. आपल्याकडे तोच फारसीच्या वाटेने आला. ओळख करून देताना माणूस चांगलंच बोलतो, म्हणून इथे तारीफ म्हणजे स्तुती. ज्या नावाने लोक ओळखतात ते ‘उर्फ’. आणि ‘मारिफत’, म्हणजे ओळख, तिचं झालं ‘मार्फत’. चौघं सख्खी भावंडं!

स्पेनच्या दक्षिण टोकाला तारीफा नावाचं गाव आहे, तिथे जहाजांकडून कर उकळत आणि त्यावरून टॅरिफ, ही कथा भलेभले विद्वान छापत आले आहेत. ती साफ चूक आहे. गावाला नाव पडलं ते ७१० साली तिथे उतरलेल्या तरीफ इब्न मालिकवरून. त्याच्या नावात ‘तोय’ (अरबीतला दुसरा ‘त’) आहे आणि ‘ऐन’ नाही, म्हणजे धातूच वेगळा. देवनागरीत दोन्ही ‘त’ सारखेच दिसतात म्हणून ही कथा खपते. छापण्याआधी अरबी अक्षरं तरी पाहावीत.

मूळचा ‘यादी’ हा अर्थ कायद्याने जपला आहे. आपल्या १९७५ च्या सीमाशुल्क टॅरिफ कायद्यात टॅरिफ म्हणजे परिशिष्टातला तक्ता, आणि त्यात प्रत्येक ओळीसमोर शुल्काचा दर. वस्तूच्या संकेतांकाचे पहिले सहा आकडे बहुतेक जगात सारखे असतात. पुढे भारत आठपर्यंत जातो, अमेरिका दहापर्यंत. आंबा, पेरू आणि मँगोस्टीन ०८०४.५० मध्ये एकत्र बसतात, पण तेच फळ गोठवलं की ०८११ मध्ये जातं आणि दर बदलू शकतो. कागदावर ताजा आणि कंटेनरमध्ये गोठवलेला असं झालं की माल बंदरात अडकतो. दर ठरवणं ही एक सत्ता, आणि ओळ कोणती ते ठरवणं ही दुसरी.

तिसरी सत्ता ‘मार्फत’मध्ये, म्हणजे व्यवहार कोणाच्या हातून होतो त्यात आहे, आणि माझ्या मते आज खरी चुरस तिथेच आहे. ‘स्विफ्ट’ पैसे नेत नाही, फक्त बँकांचे निरोप नेते. मार्च २०२२ मध्ये सात रशियन बँकांना तिथून काढलं तेव्हा तुटली ती निरोपाची वाट. ११ जुलै २०२२ ला रिझर्व्ह बँकेने वेगळी मार्फत दिली: परदेशी बँक भारतीय बँकेत रुपयाचं खास व्होस्ट्रो खातं उघडते, आपला आयातदार त्यात रुपये भरतो, आपल्या निर्यातदाराला त्यातूनच पैसे मिळतात. अडचण अशी की रशियाकडून आपण तेल भरमसाट घेतो आणि तिकडे विकतो त्या मानाने फार थोडं. म्हणून २०२३ मध्ये त्या खात्यांत रुपये साचले आणि रशियाला ते खर्चायला जागा सापडेना.

राहिला यूपीआय. २१ फेब्रुवारी २०२३ ला तो सिंगापूरच्या पे-नाऊ या तशाच सेवेशी जोडला गेला. यूपीआय आयडी म्हणजे खात्याचं उर्फच: पाठवणाऱ्याला खातं क्रमांक ठाऊक नसतो, आयडीमागचं खातं पलीकडची संस्था ओळखते आणि दोन टोकं यूपीआय चालवणारी एनपीसीआय जोडून देते. म्हणून ‘यूपीआयच्या माध्यमातून’ असं लांबण लावू नका. ‘यूपीआयमार्फत’ लिहा.