आजीचा आवाज नीट यायला हवा असेल तर

प्रश्न : ताई, लग्न दोन महिन्यांवर आलंय. फोटोग्राफर ठरलाय, व्हिडिओचं मात्र अडलंय. माझा होणारा दीर म्हणतो, ‘माझा नवा फोन फोर-के शूट करतो, उगाच खर्च कशाला?’ नवराही त्याच्याच बाजूने आहे. एका व्हिडिओग्राफरने तीन मिनिटांची फिल्म दाखवली. फार सुंदर होती, पण तेवढ्यावर विसंबून ॲडव्हान्स द्यायचा धीर होत नाही. माझी आजी स्टेजवर दोन शब्द बोलणार आहे. तिचा आवाज आता फार बारीक झालाय, तो नीट रेकॉर्ड व्हावा एवढंच मला मनापासून हवंय. दिराला न दुखवता हे कसं जमवू?

उत्तर : तुला आजीचा आवाज हवाय, आणि फोन नेमका तिथेच कमी पडतो. चित्र तो छान काढेल. पण पंधरा फुटांवरून फोनच्या माईकला आजीचं बोलणं आणि मागे कुणीतरी सरकवलेली खुर्ची सारखीच ऐकू येते. शिवाय फोन आवाजाची पातळी स्वतःच वरखाली करतो. टाळ्या वाजल्या की पातळी खाली येते आणि त्यानंतरचे आजीचे पहिले शब्द त्यातच बुडतात. नंतर एडिटिंगमध्ये आवाज वाढवला तर पंख्याची घरघरही तेवढीच वाढते.

म्हणून व्हिडिओग्राफरशी बोलताना पहिला प्रश्न कॅमेऱ्याचा विचारू नकोस. ‘आवाज कसा घेणार?’ असं विचार. ‘कॅमेऱ्यावर माईक असतो ना’ एवढंच उत्तर मिळालं, तर दुसरा माणूस शोध. जाणकार माणूस दोन वाटा सांगेल. एक, बोलणाऱ्याच्या कपड्याला लावायचा छोटा कॉलर माईक. दुसरी, हॉलच्या साउंड मिक्सरमधून (सगळ्या माईकचे आवाज एकत्र करून स्पीकरला देणारं यंत्र) थेट वायर घेऊन वेगळ्या रेकॉर्डरवर केलेलं रेकॉर्डिंग. दोन्ही हव्यात, कारण दोन्ही दगा देऊ शकतात. मिक्सरवाल्याने आवाज जास्त चढवला तर रेकॉर्डिंग फाटतं, आणि फाटलेला आवाज पुन्हा धड होत नाही. वायरलेस माईकचा सिग्नल शेकडो फोन असलेल्या हॉलमध्ये मध्येच तुटू शकतो. त्यामुळे ‘माईकच्या ट्रान्समीटरमध्येच, म्हणजे आवाज पाठवणाऱ्या छोट्या डबीतच, रेकॉर्डिंग होतं का?’ हेही विचारून घे. होत असेल तर सिग्नल गेला तरी आवाज हातचा जात नाही.

आजीच्या बाबतीत आणखी एक. वयस्कर माणसाच्या हातात माईक दिला की तिसऱ्या-चौथ्या वाक्याला हात खाली येतो, माईक पोटापाशी जातो आणि आवाज विरतो. तेव्हा हातातला माईक असला तरी कॉलर माईक लावायचाच. तो हनुवटीच्या साधारण वीतभर खाली असावा, कपड्याच्या घडीत दडलेला नसावा आणि गळ्यातल्या दागिन्यापासून लांब असावा. दागिना माईकला लागत राहिला तर प्रत्येक श्वासाला टिकटिक रेकॉर्ड होते, आणि ती शब्दांवरच बसलेली असल्यामुळे काढता येत नाही.

आता त्या तीन मिनिटांच्या फिल्मबद्दल. तुझी शंका रास्त आहे. अशा निवडक क्षणांच्या हायलाइट फिल्मवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत संगीत असतं, त्यामुळे आवाज मुळात घेतला होता की नाही हेच कळत नाही. दिवसभरातले सगळ्यांत चांगले तीन-चार सेकंदांचे तुकडे जोडले की कुणाचंही काम देखणं दिसतं. तू एकाच लग्नाची पूर्ण लांबीची फिल्म बघायला माग. हेडफोन लावून त्यातलं एखादं भाषण ऐक. संध्याकाळच्या कमी उजेडातले चेहरे बघ, काळपट आणि दाणेदार दिसतात का ते. मुख्य विधीच्या क्षणी कॅमेरा कुठे होता, मध्ये कुणाची पाठ आली का, हेही तपास. आणि हे शूटिंग ज्याने केलं तोच तुझ्या लग्नाला येणार आहे का, हे स्पष्ट विचार. मोठ्या टीममध्ये बोलणी एक जण करतो आणि प्रत्यक्षात भलताच येतो, असं होतं.

मुख्य विधीसाठी किमान दोन कॅमेरे हवेत. एक ट्रायपॉडवर स्थिर, सगळं स्टेज दिसेल असा. दुसरा फिरता, चेहऱ्यांसाठी. फिरणारा माणूस जागा बदलताना किंवा त्याच्यासमोर पाहुणा उभा राहिला की स्थिर कॅमेऱ्यावर निभावतं. कॅमेऱ्यात दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी रेकॉर्डिंग व्हायला हवं, कारण कार्ड खराब झालं तर लग्न काही पुन्हा लागणार नाही. कॉपी त्याच रात्री करणार का, तेही विचार. १०० मेगाबिट प्रतिसेकंदाने फोर-के शूट केलं तर एका कॅमेऱ्याचं तासाला ४५ जीबी होतं. दोन कॅमेरे सहा तास चालले की ५४० जीबी. एवढा डेटा दोन वेगवेगळ्या डिस्कवर गेल्याशिवाय कार्डं पुसायची नाहीत, हा नियम पाळणाराच माणूस निवड.

ड्रोन परवानगी असेल आणि पैसे उरले तरच घ्या. विधी चालू असताना तर नकोच, त्याच्या पंख्यांच्या आवाजापुढे काही ऐकू येत नाही. रोषणाईवाल्याला मात्र बजावून ठेव की लेझरचे किरण कॅमेऱ्यांच्या दिशेने नकोत, त्याने सेन्सर कायमचा बिघडू शकतो. फोटोग्राफर आणि व्हिडिओग्राफरची लग्नाआधीच फोनवर गाठ घालून दे. दोघांना स्टेजसमोरची तीच एक जागा हवी असते, आणि ती वाटून घेतली नसेल तर व्हिडिओत फोटोग्राफरची पाठच जास्त दिसते.

ॲडव्हान्स लेखी करारानंतरच द्यायचा. त्यात तारीख, किती तास, जास्त वेळ झाला तर दर काय, कोण येणार, तो आजारी पडला तर कोण, हे हवं. हायलाइट आणि पूर्ण फिल्म किती लांबीच्या, कधी मिळणार, बदल किती वेळा करून देणार, कच्चं फुटेज मिळणार का आणि ते किती महिने सांभाळणार, हेही. संगीताचे हक्क कुणी घ्यायचे तेही लिहून घे. गाजलेलं गाणं विनापरवाना लावलं तर ऑनलाइन टाकल्यावर व्हिडिओ म्यूट किंवा ब्लॉक होऊ शकतो. बजेट कमी पडलं तर तास कमी करा, ड्रोन वगळा, फिल्म ठेवायची अल्बमसारखी पेटी वगळा. आवाज आणि दुसरा कॅमेरा यांना हात लावू नका.

राहिला दीर. त्याच्या फोनला नावं ठेवू नकोस, ती त्याला स्वतःलाच ठेवल्यासारखी वाटतील. हे बोलणंही तू करू नकोस, नवऱ्याला करू दे. भावाने भावाला सांगितलेलं वेगळं लागतं. त्याने एवढंच म्हणावं, ‘तू दिवसभर शूट करत बसलास तर आमच्या व्हिडिओत तूच नसशील, आणि मला तू शेजारी हवायस.’ हे खरंही आहे. मग त्याला एक खरं काम द्या: तयारीच्या खोलीतले, प्रवासातले, चुलतभावंडांच्या दंग्याचे तुकडे. फोन आडवा धरायचा, शूट करताना एअरप्लेन मोडवर टाकायचा, आदल्या दिवशी फोनमधली जागा रिकामी करून ठेवायची. फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं घ्यायची ते) व्हिडिओग्राफरला विचारून तोच लावायचा, म्हणजे ते तुकडे मुख्य फिल्ममध्ये बसतील. दुसरं काम त्याहून मोलाचं आहे. व्हिडिओग्राफरला तुमची माणसं माहीत नसतात. कुणाचे चेहरे चुकवायचे नाहीत हे दिराने विधीआधी दहा मिनिटं शेजारी उभं राहून दाखवून द्यावं.

आणि त्या दिवशी आजीला बोलायच्या पाच मिनिटं आधी खुर्चीत बसवून माईक लाव. तिला चार वाक्यं सहज बोलू दे, तेवढ्यात पातळी लावून होते. ती बोलेल तेव्हा जवळचा पंखा आणि पार्श्वसंगीत बंद करायची जबाबदारी एका माणसावर नाव घेऊन सोपव. करारात एक ओळ वाढवून घे : आजीच्या बोलण्याचं संपूर्ण, न कापलेलं रेकॉर्डिंग वेगळ्या ऑडिओ फाइलमध्ये द्यायचं.